बर्ड्सव्हिल ट्रॅक

दक्षिण ऑस्ट्रेलियातील मरी आणि क्वीन्सलँडमधील बर्ड्सव्हिल या गावांना जोडणारा, ५१७ किमी. लांबीचा कच्चा रस्ता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्वीन्सलँडची गुरे दक्षिणेच्या रेल्वेपर्यंत हाकत नेण्याची ही वाट होती. आता कोरड्या हवेत चांगली उंची असलेली गाडी येथून जाते. तथापि, रस्ता सपाट दिसतो म्हणून वेग वाढवणे येथे सर्वांत महागात पडते.

स्टर्टच्या दगडी वाळवंटात रस्त्यावर धारदार गोटे पसरलेले असतात. टायर बहुधा तळाला नव्हे, बाजूला फाटतो आणि अशी चीर पंक्चरच्या साहित्याने सहसा बुजत नाही. म्हणून दोन स्टेपन्या घ्याव्यात. डांबरी रस्त्यावर ३६ ते ४० पाउंड हवा ठेवत असल्यास येथे ती २८ ते ३० पर्यंत उतरवावी. टायर दगडावर दबतो, कापला जात नाही. मात्र कमी हवेत तो लवकर तापतो, म्हणून वेग ताशी ८० किमी.च्या आत हवा. डांबर लागताच हवा पुन्हा भरावी. त्यासाठी कॉम्प्रेसर जवळ असावा. रस्त्यावरील आडव्या लाटांनी नट-बोल्ट सैल होतात. दर थांब्यावर टपावरील कॅरिअर आणि चाकांचे नट तपासावेत.

मरीनंतर इंधन सुमारे २०० किमी.वरील मुंगेरानी येथे मिळते. तेथून बर्ड्सव्हिल आणखी ३०० किमी.हून दूर आहे. पाणी माणशी रोज किमान ७ लिटर, उन्हाळ्यात १० लिटर धरावे, शिवाय अडकल्यास पुरेल इतके जादा. मोबाइलच्या भरवशावर निघू नये. सॅटेलाइट फोन किंवा संकटसंदेश पाठवणारे बीकन जवळ असावे. समोरून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) आल्यास डावीकडे घेऊन थांबावे आणि तिची धूळ बसल्यावरच निघावे.

गाडी बंद पडली तर ती सोडून चालत जाऊ नये. विमानातून गाडी दिसते, एकटा माणूस दिसत नाही. शिवाय सावली गाडीचीच मिळते. डिसेंबर १९६३ मध्ये याच रस्त्यावर इंधन संपून अडकलेले पाच जणांचे कुटुंब तहानेने दगावले.

पावसाने माती चिकट होऊन रस्ता बंद होतो. बंद रस्त्यावर गाडी घातल्यास दंड आहे. वाटेत आडव्या येणाऱ्या कूपर क्रीक या नदीला पूर आला की मुख्य मार्ग पाण्याखाली जातो आणि वळणमार्गाने जाऊन फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. फेरी चालू आहे का, हे मरी सोडण्यापूर्वी विचारावे.