नाशिकचा छापा आणि सरहद्दीवरची मांडणीशिल्पं

टपाल तिकिटं जमवणाऱ्यांमध्ये ‘नाशिक ओव्हरप्रिंट’ हा शब्द जगभर चालतो. १ ऑक्टोबर १९४७ रोजी पाकिस्तानने तिकिटांचा जो पहिला संच काढला, तो खरं तर जुनाच होता. सहाव्या जॉर्जची भारतीय तिकिटं आणि त्यांवर वरून छापलेला ‘पाकिस्तान’ एवढा एक शब्द. छपाई नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसची. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेच्या नोटांवरही इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचं नाव उमटलं, तेही नाशिकलाच. कागद तोच, राजा तोच, नुसता शब्द वाढला आणि देश बदलला. भारतीय पासपोर्टच्या पुस्तिकाही आज इथेच छापतात.

भाषा, हद्दपारी आणि सरहद्द या विषयांवरचे कलावंत बहुतेकदा असलंच सरकारी, रोजच्या वापराचं सामान उचलतात. १९४६ साली कराचीत जन्मलेल्या नलिनी मलानी यांनी १९९८च्या अणुचाचण्यांनंतर उर्दू कथाकार मंटोंच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेवरून व्हिडिओ मांडणी केली, ती पत्र्याच्या बारा ट्रंका घेऊन. प्रत्येक ट्रंकेत एक पडदा. कथेत फाळणीनंतर वेड्यांचीही वाटणी होते, आणि बिशनसिंगाच्या तोंडी उरते पंजाबी-उर्दू-इंग्रजीची खिचडी. जाता जाता : मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत गोरे सोल्जर कंटाळून जात, आणि ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला, हा इंग्रजी शब्द त्या देवळालीवरूनच पडला.

माणसाचा आवाजच कागदपत्र ठरला तर? नेदरलँड्समध्ये आश्रय मागणाऱ्या सोमाली लोकांच्या बोलण्याची लकब तपासून ते कुठले हे ठरवलं जाई. लॉरेन्स अबू हमदान यांनी २०१२ साली, अर्ज फेटाळले गेलेल्या लोकांना सोबत घेऊन, त्यांच्या उच्चारांचे नकाशे काढले. सुरगाण्याची कोकणा आणि मालेगावकडची अहिराणी दोन्ही कानांवर पडलेल्या नाशिककराला ही तपासणी किती कच्ची, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यांत शिल्पा गुप्ता यांचं २०१७-१८मधलं काम सर्वांत घट्ट विणलेलं वाटतं. वर १०० मायक्रोफोन टांगलेले, खाली १०० टोकदार सळया, आणि वाण्याच्या गल्ल्याशेजारी बिलं टोचून ठेवतात तसा प्रत्येक सळईवर एक कागद. कागदांवर आठव्या शतकापासून आजवर तुरुंगात गेलेल्या कवींच्या ओळी. ‘फॉर, इन युवर टंग, आय कॅनॉट फिट’ हे शीर्षक चौदाव्या शतकातल्या नसीमी या कवीच्या ओळीतून आलंय. इथले माइक ऐकत नाहीत, बोलतात. एक आवाज ओळ म्हणतो आणि टाळकऱ्यांनी ध्रुवपद उचलावं तशी बाकीचे ती उचलतात.

हे तंत्र छोट्या प्रमाणावर करता येतं. डायनॅमिक माइकमध्ये पडदा, तारेचं वेटोळं आणि चुंबक असतं, स्पीकरमध्येही तेच. म्हणून उलटा, म्हणजे अँप्लिफायरच्या आउटपुटला स्पीकरसारखा, जोडला की तो बोलतो. मात्र आवाज किरटा येतो, खर्ज जवळजवळ नसतो आणि अँप्लिफायर जरा चढवला की केसासारखी तार जळते. कंडेन्सर माइकची रचना वेगळी, त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा माइकची जाळी तशीच ठेवून आत छोटा स्पीकर बसवलेला बरा. खरी फजिती हॉलमध्ये होते. शहाबादी फरशी आणि उघड्या सिमेंटच्या भिंती असतील तर आठ आवाजांतच शब्द हरवतात आणि नुसता गलका उरतो. भिंतींना जाड पडदे आणि खाली सतरंज्या टाकल्या की फरक पडतो. स्पीकर कानाच्या उंचीवर आणावेत, म्हणजे आवाज कमी ठेवता येतो. आणि प्रदर्शन पावसाळ्यात असेल तर सळया स्टेनलेसच्याच घ्या. साधं लोखंड चार दिवसांत गंजतं, भोकाभोवती तांबूस डाग धरतो आणि दमटलेला कागद तिथूनच फाटत खाली सरकतो.