सोडा विक्रीयंत्रावरील धातुसाजाचे नूतनीकरण

नाणे टाकल्यावर थंड पेयाची बाटली देणाऱ्या जुन्या अमेरिकन यंत्रांच्या दर्शनी भागावरील झिजलेल्या, गंजलेल्या अथवा पोचे पडलेल्या धातुभागांना पूर्ववत रूप देण्याची प्रक्रिया. धातुसाजात (व्यवहारात ‘ट्रिम’) दाराच्या कडपट्ट्या, मूठ, कुलपाभोवतीची चकती, नाण्याच्या फटीची तबकडी आणि बाटलीचा ओपनर यांचा समावेश होतो. रंगकाम व शीतकरण यंत्रणा यांचा विचार येथे केलेला नाही.

अशा यंत्रांचा उगम बर्फाच्या पेट्यांत आहे. कोका-कोलासाठी मन्सी (इंडियाना) येथील ग्लॅसकॉक कंपनीने १९२९ मध्ये प्रमाणित पेटी बनविली. कॅन्सस सिटीची व्हेंडो कंपनी १९३७ मध्ये स्थापन झाली. चॅटनूगाची कॅव्हेलियर व फ्रेझ्नोची व्हेंडोलेटर या इतर प्रमुख कंपन्या होत. यांपैकी व्हेंडोलेटर १९५६ मध्ये व्हेंडोमध्ये विलीन झाली. संग्राहकांची पसंती साधारणतः १९४० व १९५० च्या दशकांतील यंत्रांना असते. व्हेंडोच्या व्ही-३९, व्ही-४४, व्ही-८१ या प्रतिमानांतील आकडे बाटल्यांची संख्या दाखवितात.

दुरुस्तीत पहिले व बहुधा सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे धातू ओळखणे. दुरून सगळेच ‘क्रोम’ दिसते. प्रत्यक्षात तो भाग क्रोमचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा, तसाच मुलामा दिलेले जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव, अगंज पोलाद (स्टेनलेस स्टील) किंवा ॲल्युमिनियम यांपैकी काहीही असू शकतो. लोहचुंबक चिकटला तर आत पोलाद आहे एवढेच कळते, कारण अगंज पोलादाचे काही प्रकारही चुंबकाला ओढले जातात. न चिकटणाऱ्या भागांत जस्त (घनता सुमारे ७.१) आणि ॲल्युमिनियम (२.७) हातात घेताच वेगळे कळतात. मागच्या बाजूला कानसीचा एक घास मारून पाहणे अधिक खात्रीचे.

क्रोमच्या मुलाम्याचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकमत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये क्रोमियम शोधले. विद्युत् विलेपनाने (द्रावणातून वीज सोडून धातूचा थर बसवून) ते मिळविण्याचा मान जर्मन लेखक सहसा बुन्सेन (१८५४) यांना देतात. मात्र त्यांचे द्रावण क्लोराइडाचे होते, आजच्या क्रोमिक अम्लाच्या कुंडाशी (मुलामा चढविण्याच्या द्रावणाच्या टाकीशी) त्याचे नाते दूरचे आहे. गॉइटर यांनी १८५६ मध्ये क्रोमिक अम्लापासून क्रोमियमचा थर मिळविल्याचे नोंदविले, म्हणून त्यांचे नाव पुढे करणे अधिक सयुक्तिक वाटते. सार्जंट यांनी १९२० मध्ये क्रोमिक अम्ल व अल्प सल्फेट यांच्या द्रावणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठातील फिंक यांनी सल्फेटाचे प्रमाण काटेकोर ठेवण्यातच प्रक्रियेचे मर्म आहे असे दाखविले व १९२६ मध्ये पेटंट मिळविले. याच सुमारास बर्लिनमध्ये लीब्राइख स्वतंत्रपणे काम करीत होते. फिंक यांच्या पेटंटावरून अमेरिकेत न्यायालयीन वादही झाले. द्रावण सार्जंटचे आणि नियंत्रण फिंकचे, अशी वाटणी बहुतेक तंत्रज्ञ मान्य करतात. लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक अम्ल आणि २.५ ग्रॅम सल्फ्यूरिक अम्ल, म्हणजे १०० : १, हे प्रमाण आजही रूढ आहे.

या तपशिलाचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. शोभेच्या क्रोमचा थर ०.२५ ते ०.५ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागाच्या आसपास असतो. गंज रोखण्याचे खरे काम त्याखालचे निकेल करते. शिवाय हे कुंड खाचाखोचांत नीट पोचत नाही, त्यामुळे मुठीच्या आतल्या कोनात गंज आधी दिसतो. कोरियन युद्धकाळात अमेरिकेत निकेलच्या वापरावर निर्बंध आले आणि कित्येक मालावर तांब्यावरच क्रोम चढविले गेले. १९५१ ते १९५३ च्या सुमाराच्या यंत्रांवर मुलामा लवकर सुटलेला आढळल्यास ही शक्यता लक्षात घ्यावी.

क्रोम शाबूत असून केवळ तांबूस ठिपके असतील तर पाण्यात भिजवलेला ॲल्युमिनियमचा वर्ख चोळणे पुरते. तो क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. पोलादी भागाचा मुलामा सुटला असल्यास मात्र जुने थर उतरवून तांबे, निकेल व क्रोम असे क्रमाने पुन्हा चढवावे लागतात.

जस्ताचे ओतीव सर्वांत त्रासदायक. पृष्ठावर टाचणीच्या डोक्याएवढे फोड दिसतात. सुईने एखादा टोचला की आतून पांढरी भुकटी निघते व खाली खड्डा सापडतो. प्रत्येक खड्डा बारीक बरने (फिरत्या कोरण्याच्या टोकाने) चकचकीत धातू लागेपर्यंत कोरावा लागतो. आम्लधर्मी तांब्याचे कुंड जस्ताला खाते, म्हणून आधी सायनाइड कुंडातून तांब्याचा पातळ थर देतात. मग जाड तांबे चढवून, घासून, पुन्हा चढवून खड्डा भरतात. मुठीच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त होते ती इथे.

अगंज पोलादाच्या पट्टीचा पोचा वाळूच्या पिशवीवर ठेवून मागून हलक्या हातोडीने उठवितात. नंतर ३२० व ६०० क्रमांकाचे पॉलिश पेपर, दर वेळी आधीच्या चऱ्यांना आडवे, आणि शेवटी बफ (चकाकी आणणारे फिरते कापडी चाक). पट्टी लाकडी फळीवर स्क्रूने बसवलेली बरी. मोकळे टोक फिरत्या बफात अडकले की पट्टी क्षणात वाकते आणि हातालाही इजा होते. साधा लोखंडी काथ्या येथे वापरू नये, त्याचे कण रुतून पुढे गंजतात.

ॲल्युमिनियमवरचा ॲनोडीकरणाचा (विजेच्या साहाय्याने तयार केलेला संरक्षक ऑक्साइडाचा) थर कॉस्टिक सोड्याने उतरतो, त्यावर राहिलेली काळसर काजळी सौम्य नायट्रिक अम्लाने जाते. बफनंतर पुन्हा ॲनोडीकरण वा लाखेचा थर न दिल्यास झळाळी टिकत नाही.

क्रोमिक अम्लाच्या कुंडातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. यूरोपीय संघात २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या (ज्यापासून हे अम्ल बनते त्याच्या) वापराला परवानगी लागते; कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये शोभेच्या कामातून ते टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा नियम केला. पर्यायी त्रिसंयुजी कुंडाची छटा किंचित गडद येऊ शकते. त्यामुळे एकाच यंत्राची मूठ, चकती व तबकडी एकाच प्रकारच्या कुंडातून, शक्यतो एकाच वेळी काढून घ्यावी. मूठ जुन्या क्रोमची आणि चकती नव्या कुंडाची असली तर फरक दिवसाउजेडी लगेच दिसतो.