हेलिकॉप्टरवरची रॉकेटे : अफगाणिस्तान मोहीम (२००१–२०२१)

लढाऊ हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंच्या आखूड पंखांखाली नळ्यांचे पॉड टांगतात आणि त्यांतून साधारण दीड मीटर लांबीची रॉकेटे डागतात. अमेरिका आणि मित्रदेशांच्या फौजांनी तालिबानविरुद्धच्या मोहिमेत या शस्त्राचा भरपूर वापर केला. सर्वांत जास्त वापरले गेले ते ७० मिलिमीटर व्यासाचे अमेरिकी ‘हायड्रा ७०’. पॉड ७ किंवा १९ नळ्यांचा असतो. अपाचे हेलिकॉप्टरला असे चार मोठे पॉड लावले तर ७६ रॉकेटे बसतात. अफगाणिस्तानच्या उंचीवर आणि उन्हाळ्यात मात्र हवा इतकी विरळ होते की इतके वजन घेऊन उडणेच अवघड होते.

या रॉकेटाचा जन्म हेलिकॉप्टरसाठी झालेला नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने ते शत्रूची बॉम्बफेकी विमाने पाडण्यासाठी बनवले. त्याचे टोपणनाव होते ‘मायटी माउस’. एकेक रॉकेट नेम धरून मारायचे नव्हतेच. एका दमात डझनावारी सोडायची, त्यांतले एखादे लागेल, असा हिशेब होता. १६ ऑगस्ट १९५६ रोजी कॅलिफोर्नियात या हिशेबाचे हसे झाले. नौदलाचे एक वैमानिकरहित हेलकॅट विमान ताब्याबाहेर गेले, तेव्हा हवाई दलाच्या दोन स्कॉर्पियन विमानांनी त्याच्यावर सगळी, म्हणजे २०८ रॉकेटे सोडली. एकही लागले नाही. खाली पामडेलच्या परिसरात ठिकठिकाणी आगी लागल्या आणि हेलकॅट इंधन संपल्यावर आपले आपण वाळवंटात पडले. पुढे व्हिएतनाममध्ये हीच रॉकेटे हेलिकॉप्टरांवर चढली. अफगाणिस्तानात अमेरिकेच्या आधी सोव्हिएत फौजांच्या एमआय-२४ हेलिकॉप्टरांनी ५७ आणि ८० मिलिमीटरची रॉकेटे वापरली होती. ज्या खोऱ्यांत ती पडली, त्यांतल्या कित्येक खोऱ्यांत वीस वर्षांनी हायड्रा येऊन पडू लागली.

नेम का चुकतो, हे दिवाळीतल्या रॉकेटावरून समजते. बाटलीत उभे केलेले रॉकेट वारा असला की तो जिकडून येतो तिकडेच तोंड फिरवते, कारण शेपटाकडचा भाग वाऱ्याने ढकलला जातो. हायड्राच्या शेपटाला उघडणारे पंख असतात आणि त्याचेही तसेच होते. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असेल तर पंख्याचा खाली येणारा झोत सुटत्या रॉकेटावर आदळतो आणि त्याचे नाक वर उचलले जाते. वेगात पुढे जाताना किंवा सूर मारताना डागले तर हा त्रास बराच कमी होतो. मार्च २००२ मध्ये शाह-ए-कोट खोऱ्यातील ‘ऑपरेशन अ‍ॅनाकोंडा’त ही गोष्ट वेगळ्याच कारणाने पक्की झाली. तिथल्या उंचीवर अपाचेंना तरंगत राहणे जमत नव्हते आणि डोंगरउतारांवरून गोळ्यांचा मारा होत होता. त्यामुळे वैमानिकांनी धावत्या हल्ल्याची पद्धत धरली : लांबून सरळ यायचे, रॉकेटे सोडायची आणि वळून निघून जायचे.

रॉकेटाची मोटर तीच ठेवून पुढचे स्फोटक शीर्ष बदलता येते, ही त्याची मोठी सोय. नेहमीचे शीर्ष फुटून तुकडे उडवणारे. शिवाय धुराचे, रात्री उजेड पाडणारे आणि फक्त रात्रदर्शी चष्म्यातून दिसणारा अवरक्त उजेड देणारेही असे. ‘फ्लेशेट’ शीर्षातून शेकडो बारीक पोलादी बाण सुटतात. दक्षिणेकडच्या हेलमंड प्रांतात २००६ पासून उतरलेल्या ब्रिटिश अपाचेंकडे कॅनडात बनलेली सीआरव्ही-७ रॉकेटे होती. त्यांच्या फ्लेशेटमध्ये टंगस्टनचे ८० बाण असत. फ्रेंच ‘टायगर’ हेलिकॉप्टरे ६८ मिलिमीटरची रॉकेटे घेऊन आली. आघाडी एक, पण प्रत्येकाचा दारूगोळा वेगळा, त्यामुळे पुरवठा विभागाची चांगलीच दमछाक होत असणार.

खरी अडचण युद्धाच्या स्वरूपात होती. बंडखोरीविरुद्धच्या मोहिमेत गावातली माणसे आपल्या बाजूला राहावीत, हेच उद्दिष्ट मानलेले असते. हेलमंडमध्ये गोळीबार होई तो कालव्याकाठच्या झाडांच्या रांगेतून किंवा जाड मातीच्या भिंतींच्या वाड्यातून, आणि पलीकडच्याच वाड्यात एखादे कुटुंब राहत असे. पसरून पडणाऱ्या शस्त्राला अशा ठिकाणी जागाच नाही. जुलै २००९ मध्ये आघाडीच्या फौजांचे प्रमुख जनरल स्टॅनली मॅक्क्रिस्टल यांनी वस्तीवर हवाई मारा करण्यावर कडक बंधने घातली. त्यानंतर वेढल्या गेलेल्या जवानांची तक्रार होती की मदत मागितली तरी मिळत नाही. ती तक्रारही खोटी नव्हती.

नेमका मारा करायचा तर हेलफायर क्षेपणास्त्र होते, पण त्याची किंमत लाख डॉलरच्या घरात आणि रणगाडे फोडायला बनवलेले ते शस्त्र दोन बंदूकधाऱ्यांवर वाया घालवल्यासारखे. मधला मार्ग निघाला ‘एपीकेडब्ल्यूएस’चा. जुन्या रॉकेटाची मोटर आणि शीर्ष यांच्यामध्ये एक तुकडा बसवायचा; रॉकेट सुटले की त्याचे चार पंख उघडतात, पंखांवरच्या भिंगांना लक्ष्यावर पाडलेला लेझरचा ठिपका दिसतो आणि रॉकेट तिकडे वळते. मार्च २०१२ मध्ये अमेरिकी मरीन कोरच्या हेलिकॉप्टरांबरोबर ते अफगाणिस्तानात आले. पॉड तेच, शीर्ष तेच, खर्च हेलफायरपेक्षा कितीतरी कमी.

ठिपका कुठे पाडायचा, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. १ मार्च २०११ रोजी कुनार प्रांतातल्या पेच खोऱ्यात डोंगरावर जळण गोळा करणारी नऊ मुले आघाडीच्या हेलिकॉप्टरांच्या माऱ्यात ठार झाली. त्याआधी जवळच्या तळावर रॉकेटहल्ला झाला होता आणि हेलिकॉप्टरे हल्लेखोरांच्या शोधात होती. बंडखोरांची जागा हेरणाऱ्यांकडून हेलिकॉप्टरांपर्यंत पोचवताना गफलत झाली, असे आघाडीने मान्य केले. तेव्हाचे आघाडीचे सेनापती जनरल डेव्हिड पेट्रेयस यांनी माफी मागितली; अफगाण राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांनी ती पुरेशी नसल्याचे सांगून फेटाळली. रॉकेट कितीही अचूक असले तरी या चुकीवर त्याचा इलाज नव्हता.

भारतात हवाई दलाने अपाचे २०१९ मध्ये पठाणकोट येथे दाखल केले. देशी बनावटीच्या ‘रुद्र’ आणि ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरांवरही ७० मिलिमीटरची रॉकेटे बसतात.

अलीकडे एपीकेडब्ल्यूएस पुन्हा मूळ कामाकडे वळले आहे. तांबड्या समुद्राच्या परिसरात अमेरिकी एफ-१६ विमानांनी त्याने येमेनच्या हूथी बंडखोरांचे ड्रोन पाडले. १९५६ मध्ये २०८ रॉकेटांना जे वैमानिकरहित विमान पाडता आले नाही, त्याच जातीचे लक्ष्य आता एका रॉकेटात पाडता येते.