पार्श्वभूमी : गोऱ्या मतांचं अमेरिकी गणित

१९६४ साली लिंडन जॉन्सन निवडून आले. त्यानंतर आजपर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाच्या एकाही अध्यक्षीय उमेदवाराला गोऱ्या मतदारांची निम्म्याहून जास्त मतं पडलेली नाहीत. कार्टर जिंकले, क्लिंटन आणि ओबामा दोन-दोनदा जिंकले, बायडेन जिंकले. गोऱ्यांमध्ये मात्र हे सगळे मागेच राहिले. दर चार वर्षांनी तिकडे 'यंदा वर्णाचा मुद्दा किती चालेल' अशी चर्चा रंगते, तेव्हा ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. वर्णाबद्दलच्या भावना मतदानाच्या दिवशी जे करतात ते करतातच. त्याहून मोठं काम त्यांनी कोण कोणत्या पक्षात बसणार हे ठरवताना आधीच उरकलेलं असतं.

सुरुवातीला चित्र बरोबर उलटं होतं. गुलामगिरी संपवणारे लिंकन रिपब्लिकन, आणि दक्षिणेतले गोरे मळेवाले कट्टर डेमोक्रॅट. यादवी युद्धानंतर, १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. (जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली ती १८७३ मध्ये, नेमकी या आशेच्या काळात.) १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल वादात अडकला. त्यातून निघालेल्या तडजोडीत रिपब्लिकन हेज अध्यक्ष झाले आणि दक्षिणेतल्या काळ्या मतदारांच्या पाठीशी असलेली केंद्राची फौज मागे हटली. मग एकेका राज्यानं काळ्यांची मतं पद्धतशीरपणे काढून घेतली.

कशी, ते मिसिसिपीत पाहावं. १८९० च्या तिथल्या राज्यघटनेत मतदाराच्या अटींमध्ये वर्णाचा उल्लेखसुद्धा नाही. कर भरा, आणि राज्यघटनेतलं एखादं कलम वाचा किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगा, एवढंच. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही परीक्षा लेखी झाली. कलम निवडणार नोंदणी अधिकारी, आणि उत्तर तपासणारही तोच! गोऱ्याच्या वाट्याला 'कर्जापायी कुणालाही कैद होणार नाही' असलं एका ओळीचं कलम यायचं, काळ्या शाळामास्तराच्या वाट्याला लांबलचक किचकट काहीतरी, आणि उत्तर बरोबर असलं तरी तो नापास. १९६५ चा मतदान हक्क कायदा येईपर्यंत तिथल्या मतदानाच्या वयाच्या काळ्या लोकांपैकी जेमतेम ७ टक्के लोकांची नावं यादीत होती. कायदा झाल्यावर दोनच वर्षांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळ पोचलं.

पक्षांची अदलाबदल एका रात्रीत झाली नाही. मंदीच्या काळात रूझवेल्ट यांच्या योजनांमुळे उत्तरेतले काळे मतदार डेमोक्रॅटांकडे वळले होते. १९४८ मध्ये ट्रुमन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षानं अधिवेशनात नागरी हक्कांची बाजू घेतली, तेव्हा दक्षिणेतल्या नाराजांनी स्ट्रॉम थर्मंड यांना वेगळं उभं केलं आणि त्यांनी चार राज्यं नेली. खरा तुकडा पडला तो १९६४ मध्ये. जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याच्या विरोधात मत दिलं होतं. निवडणुकीत गोल्डवॉटर यांचा धुव्वा उडाला. स्वतःचं ॲरिझोना आणि खोल दक्षिणेतली पाच राज्यं, एवढीच त्यांच्या हाती लागली. गोल्डवॉटर मनानं वर्णद्वेष्टे नव्हते असं त्यांचे चाहते सांगतात, आणि त्यात तथ्यही असेल. पण पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट असलेल्या मिसिसिपीनं त्यांना ८७ टक्के मतं दिली, ती काही त्यांचे आर्थिक विचार पटले म्हणून नव्हेत.

चार वर्षांनी अलाबामाचे जॉर्ज वॉलेस तिसऱ्या पक्षाकडून उभे राहिले आणि पाच राज्यं जिंकले. त्याच निवडणुकीत अध्यक्ष झालेल्या रिपब्लिकन निक्सन यांनी त्यातून धडा घेतला: वॉलेसची भाषा नको, वॉलेसचे मतदार हवेत. 'कायदा आणि सुव्यवस्था' हा शब्दप्रयोग तेव्हा नाण्यासारखा चालला.

हे वारं उत्तरेत कसं पोचलं ते बघायला मिशिगनमधली मॅकोम्ब काउंटी (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) बरी. डेट्रॉइटच्या उत्तर हद्दीवरून एट माइल रोड जातो. अलीकडे दिवसेंदिवस काळ्यांचं होत चाललेलं शहर, पलीकडे मॅकोम्बमधली मोटार कारखान्यांतल्या गोऱ्या कामगारांची घरं. युनियनवाले, हाडाचे डेमोक्रॅट. १९६० मध्ये यांनी केनेडींना भरभरून मतं दिली होती. १९६७ मध्ये डेट्रॉइट दंगलीत पेटलं. पुढे शाळांमधला वर्णभेद घालवायला शहरातली आणि उपनगरांतली मुलं बसनं एकमेकांच्या शाळांत पाठवायची गोष्ट कोर्टात निघाली, आणि पलीकडचं वातावरण तापलं. १९७२ च्या मे महिन्यात मिशिगनची डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, वॉलेस यांनी जिंकली. आदल्याच दिवशी मेरीलँडमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टानं उपनगरांना या योजनेतून वगळलं. मुलं आपापल्या शाळांतच राहिली, मतं मात्र हलली: १९८४ मध्ये मॅकोम्बनं रेगन यांना सुमारे दोन तृतीयांश मतं दिली. (रस्त्याच्या अलीकडच्या डेट्रॉइटमधून २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार प्रतिनिधीगृहात निवडून गेले. जवळपास सात दशकांत प्रथमच त्या शहराला काळा प्रतिनिधी उरला नाही, आणि याचीही तिथे बरीच चर्चा झाली.)

तोवर आडून बोलायची कला पक्की झाली होती. रेगन यांनी ऑगस्ट १९८० मध्ये मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेतल्या भाषणात 'राज्यांचे हक्क' आपल्याला मान्य असल्याचं सांगितलं. १९६४ मध्ये नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला तो याच काउंटीत, आणि 'राज्यांचे हक्क' ही तर वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांची जुनी घोषणा. १९८८ मध्ये विली हॉर्टन या काळ्या कैद्याची जाहिरात टीव्हीवर झळकली. खुनाच्या शिक्षेत रजेवर सुटून त्यानं बलात्कार केला होता, आणि रजेची योजना होती डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिस गव्हर्नर असलेल्या मॅसॅच्युसेट्सची. जाहिरातीत वर्णाबद्दल चकार शब्द नव्हता; फोटो पुरेसा होता. २००५ मध्ये केन मेहलमन या रिपब्लिकन पक्षाच्या तेव्हाच्या पक्षाध्यक्षांनी या राजकारणाबद्दल काळ्यांच्या संघटनेपुढे जाहीर चूक कबूल केली.

माणसं मनातलं सांगत नाहीत, ही अभ्यासकांची खरी अडचण. १९५८ मध्ये गॅलप या जनमत चाचणी संस्थेनं विचारलं तेव्हा 'लायक असला तर काळ्या उमेदवाराला मत देऊ' असं ३८ टक्के लोक म्हणाले. अलीकडे ते ९० टक्क्यांच्या वर असतात. म्हणून डोनाल्ड किंडर आणि लिन सँडर्स या राज्यशास्त्रज्ञांनी आडवळणाचे प्रश्न तयार केले. आयरिश, इटालियन, ज्यू कष्टानं वर आले, मग काळ्यांनीही खास सवलतींशिवाय तसंच वर यावं, हे पटतं का? राष्ट्रीय निवडणूक अभ्यासात १९८६ पासून असे प्रश्न विचारले जातात, आणि त्यांच्या उत्तरांवरून मत बऱ्यापैकी ओळखता येतं. पॉल स्नायडरमन यांच्यासारख्यांचा आक्षेप असा की सरकारी मदत कुणालाच नको म्हणणारा माणूसही यात वर्णद्वेष्टा ठरेल. आक्षेपात दम आहे. तरी मायकेल टेस्लर यांचा एक प्रयोग विसरता येत नाही. त्यांनी लोकांना ओबामांच्या कुत्र्याचा फोटो दाखवला, आणि काहींना सांगितलं की हा टेड केनेडींचा आहे. काळ्यांबद्दल मनात अढी असलेल्यांना तोच कुत्रा ओबामांचा म्हटल्यावर कमी आवडला. इथे करांचा, खर्चाचा काय संबंध?

ओबामा २००८ मध्ये निवडून आले तेव्हा गोऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के लोकांनी त्यांना मत दिलं होतं, आणि मॅकोम्बनं तर दोन्ही वेळा. 'वर्णाचा प्रश्न संपला' असं म्हणणाऱ्यांना जोर आला. झालं भलतंच. कोणता पक्ष कुणाचा, हे ज्यांना नीटसं उमगलं नव्हतं त्यांनाही आता ते स्पष्ट दिसलं. ओबामांचा जन्मच अमेरिकेतला नाही ही आवई ट्रम्प यांनी २०११ पासून उचलून धरली. २०१६ मध्ये ते मिशिगन १०,७०४ मतांनी जिंकले, आणि एकट्या मॅकोम्बनं त्यांना त्याच्या चौपटीहून जास्त आघाडी दिली. ओबामांना दोनदा मत देणारा वर्णद्वेष्टा कसा, असं यावर विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. मला वाटतं, बंद पडलेले कारखाने आणि वर्णाबद्दलची अढी एकाच माणसात सुखानं नांदू शकतात, आणि त्यातलं काय वर येईल हे उमेदवार कशाला हात घालतो यावर असतं.

२०२४ नं हिशेब आणखी गुंतवला. जुलैमध्ये ट्रम्प यांनी कृष्णवर्णीय पत्रकारांच्या अधिवेशनात कमला हॅरिस 'अचानक काळ्या झाल्या' अशा अर्थाचं वक्तव्य केलं, आणि तरीही नोव्हेंबरमध्ये निम्म्याच्या आसपास लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांची) मतं मिळवली. टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी जवळजवळ सगळीच लॅटिनो. तिनं १८९२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराला आघाडी दिली. किंडर-सँडर्स यांचे प्रश्न गोऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले होते. स्टारमधल्या मतदाराला ते विचारले तर उत्तराचा अर्थ काय लावायचा, यावर आता अभ्यासकांचं भांडण सुरू आहे.