बोक्याच्या जिभेवरून गळलेली २४७ अक्षरं

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे नानकटाईचा घाट घातला होता. परातीत तूप आणि पिठीसाखर फेसून झाली, मैदा, मूठभर बेसन, वेलची पडली, पहिला ट्रे ओव्हनमधून काढून ओट्यावर गार करायला ठेवला. मी हात धुवायला वळतोय तोवर ढब्याने, म्हणजे आमच्या दीड वर्षाच्या बोक्याने, कडेची एक नानकटाई पंजाने हळूच ढकलली. ती गडगडत फ्रिजखाली, हा तिच्यामागे. दोन-तीनदा उडवली, तिचे तुकडे झाले, आणि साहेबांचा रस संपला. खाल्ली मात्र कणभरही नाही. लगेच उडी मारून वर आला आणि परातीच्या काठाचं तूप चाटायला बसला.

शेजारच्या काकू हे बघून म्हणाल्या, "गोडाची चटक लागलीय मेल्याला! माझ्या माहेरची मनी श्रीखंडाचं पातेलं चाटून लख्ख करायची."

मनीने पातेलं लख्ख केलं असणारच. पण ते चक्क्यापायी. साखर तिच्या लेखी त्यात नव्हतीच. मांजराला गोड चव कळत नाही. आवडत नाही असं मी म्हणत नाही, कळतच नाही. आपल्याला अतिनील रंग दिसत नाही, तसं.

मुळात गोड चव कळते कशी, ते आधी बघू. जिभेवर चवकळ्या असतात आणि त्यांतल्या काही पेशींच्या बाहेरच्या अंगाला गोड ओळखणारी प्रथिनं असतात. ही प्रथिनं जात्याच्या तळ्यांसारखी जोडीने काम करतात. खालची तळी टी१आर३, वरची टी१आर२. दोन्ही एकत्र असल्या तरच साखरेचा रेणू तिथे बसतो. तो बसला की जोडीचा आकार किंचित बदलतो, पेशीच्या आतलं गस्टड्युसिन नावाचं प्रथिन मोकळं होतं, साठवलेलं कॅल्शियम बाहेर पडतं, त्याने टीआरपीएम५ ही मार्गिका उघडते, सोडियम आत शिरतं, पेशी एटीपी सोडते आणि चेतातंतू मेंदूला कळवतो: गोड! (इथे धाप लागली असेल तर फक्त जातं लक्षात ठेवा.)

मांजराची वरची तळीच घडत नाही. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या संशोधकांनी मांजराचं टी१आर२चं जनुक, म्हणजे ती तळी घडवण्याची पेशीतली लिखित कृती, वाचलं. त्याच्या तिसऱ्या तुकड्यातून २४७ अक्षरं गायब होती. वाघात आणि चित्त्यातही तीच २४७ अक्षरं, त्याच जागची. म्हणजे गळती आजच्या मांजरांची नाही, त्यांच्या फार जुन्या सामाईक पूर्वजाची आहे.

आता २४७ या आकड्याची गंमत. हा आकडा वाचून मी खुर्चीवरून उठलो होतो. जनुकाची लिपी चारच अक्षरांची आणि पेशी ती तीन-तीनच्या गटाने वाचते, मध्ये मोकळी जागा न सोडता. समजा निरोप आहे: मदन खबर परत कळव. यातून सलग तीन अक्षरं, 'खबर', काढली तर 'मदन परत कळव' उरतं. अर्धवट, पण वाचता येतं. आता एकच अक्षर काढा, मदनमधला न. पेशी तर तीन-तीनच मोजणार. मदख बरप रतक ळव. एका अक्षराने पुढचा सगळा निरोप नासला. २४६ अक्षरं गळली असती तर नेमके ८२ शब्द गेले असते आणि पुढचं वाचन रुळावर राहिलं असतं. २४७ ला तीनने भागलं की एक उरतो. त्या उरलेल्या एकाने घात केला. भरीला चौथ्या आणि सहाव्या तुकड्यांत 'इथे थांब' असे शब्दही येऊन बसलेत.

ज्याच्या जेवणात गोड नाहीच, त्याचं असं जनुक मोडलं तरी काही अडत नाही. म्हणून मोडलेलं तसंच पुढे जातं. याच गटाने २०१२ साली आणखी १२ मांसाहारी प्राणी तपासले. सातांमध्ये हेच जनुक मोडलेलं निघालं. त्यांत सील आहेत, ठिपक्यांचा तरस आहे, आणि आपण ज्याला पाणमांजर म्हणतो त्यातली एक जातही आहे. मोडण्याची जागा मात्र सगळ्यांत एकच नाही. उलट टोकाचा पांडा: सगळा जन्म बांबूवर, आणि त्याची मांसाची चव ओळखणारी तळी मोडलेली.

ती मांसाची तळी, टी१आर१, मांजरात शाबूत आहे. खालची टी१आर३ तिलाही चालते, जातं फिरतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात मांजरांना हिस्टिडीन आणि इनोसिनेट या मांसातल्या दोन द्रव्यांची जोडी फार भावते असं दिसलं. ट्यूना माशात दोन्ही भरपूर. पिशवीतून बांगडे ओट्यावर येईपर्यंत ढब्या जो गळा काढतो, तो याच तळीच्या नावाने.

मग नानकटाईचं काय? गोल, हलकी, ढकललं की पळणारी वस्तू म्हणजे त्याच्या हिशेबी उंदीर. खेळून झालं, उंदीर मेला, विषय संपला.

हल्ली मांजरांच्या वाढदिवसाला मध घातलेले 'खास' केक विकतात. मधाचे पैसे तुमचे, चवही तुम्हालाच. मांजर आडवं गेलं म्हणून परत फिरणाऱ्यांना आपण हसतो, आणि इकडे हा केक मागवून फोटो काढतो. कोकोची नानकटाई केलीत तर डबा लगेच बंद करा, त्यातलं थिओब्रोमाइन मांजराला विषारी असतं. वाटीभर दूधही नको. मोठ्या मांजरांना लॅक्टोज सहसा पचत नाही आणि पुढचं तुम्हालाच पुसावं लागतं.

काकूंची खात्री पटावी म्हणून मी दोन बशा मांडल्या. एकीत नखभर तूप, दुसरीत तेवढंच तूप पिठीसाखर फेसलेलं. बशांच्या जागा रोज बदलल्या. चारही दिवस ढब्याने जी जवळ होती ती आधी चाटली, मग दुसरी. पाचव्या दिवशी आईने साजूक तुपाची बरणी वरच्या फडताळात ठेवून दिली. काकू म्हणतात, साखर कमी पडली.