बेघर व स्थलांतरित मुलांचा शिक्षणहक्क (कोकण)

कायमचा निवारा नसलेल्या, किंवा वर्षातले कित्येक महिने घराबाहेर काढावे लागणाऱ्या मुलांना शाळाप्रवेश, शिक्षणातले सातत्य आणि त्यासाठी लागणारी मदत मिळण्याचा हक्क. बेघर मूल म्हटले की रेल्वेच्या फलाटावर झोपणारे मूल आठवते. कोकणपट्टीत तेही आहे, पण त्याच्याहून कमी दिसणारे मूल म्हणजे पावसाळ्यापुरतेच घर असलेले.

रायगड, ठाणे, पालघर जिल्ह्यांतली अनेक कातकरी आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. पावसाळ्यातल्या अडचणीत घेतलेली उचल फेडायची असते. मजुरी हजार विटांमागे ठरते, म्हणून नवराबायको दोघेही राबतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायचे काम मोठ्या मुलीकडे येते. विटा रचून केलेल्या झोपडीत, म्हणजे भोंग्यात, पाचसहा महिने जातात. मागे राहिलेल्या वाडीतले झोपडेही पुष्कळदा दुसऱ्याच्या जमिनीवर असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिरेखाणींवर (जांभा दगडाच्या खाणींवर) कर्नाटकातून आलेली, तर आंब्याच्या बागांत राखणीला राहिलेली नेपाळी कुटुंबे भेटतात. त्यांच्या मुलांपुढे शाळेच्या भाषेची अडचण आधी उभी राहते. शाळा जूनमध्ये उघडते, स्थलांतर नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. मुलाचे नाव पटावर राहते, मूल वर्गात नसते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. कलम ४ नुसार शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे आणि मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा. कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ नुसार जन्मदाखला नाही म्हणूनही नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे ही कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. अर्थात, ‘आधी कागद आणा’ म्हणून आईबापांना परत पाठवणारी शाळा कायदा मोडत असते. हे भट्टीवरच्या पालकांपर्यंत पोचवणे कलमे छापण्याहून अवघड आहे.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार या किनाऱ्याला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. वसई भागात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा उघडल्या.

सरकारी उपाय मुख्यतः दोन. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत आईवडील कामावर गेले तरी मूल गावीच राहते, तिथल्याच शाळेत जाते. शिक्षण हमी पत्रक (मूळ शाळेतल्या प्रगतीची नोंद असलेले कार्ड) घेऊन गेलेल्या मुलाला कामाच्या ठिकाणाजवळच्या शाळेत बसता येते. गावी आजीआजोबा असतील तर पहिला उपाय निश्चित बरा, कारण शिक्षक, सोबती आणि पोषण आहार यांत खंड पडत नाही. लहानग्याला मात्र आईपासून सहा महिने दूर ठेवणे योग्य नव्हे. त्याच्यासाठी भट्टीजवळचीच शाळा हवी. अमेरिकेच्या १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यात, पुढील दुरुस्त्यांसह, बेघर मुलाला मूळ शाळेतच राहण्याचा आणि तिथवर वाहतुकीचा हक्क आहे. शिवाय प्रत्येक शालेय जिल्ह्यात या मुलांसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. आपल्या शिक्षणहक्क कायद्यात बेघर मुलांसाठी अशी नेमणूक नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

पालक किंवा आसरा नसलेल्या मुलाला बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. असे मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते; मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. १८ वर्षांनंतर बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या मदतीची, तरतूद आहे. भट्टीवर वाढलेल्या मुलाला हा आधार सहसा मिळत नाही, कारण त्याला आईबाप असतात. चौदाव्या वर्षी मोफत शिक्षणाचा हक्क संपतो. विशेष प्रशिक्षण घेऊन उशिरा दाखल झालेल्यांना मात्र त्यानंतरही आठवीपर्यंत मोफत शिकता येते. पुढे शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येते. परीक्षा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे भट्टीचा हंगाम भरात असताना.