हळदीच्या दळणातला हरवलेला 'स'

मावशीच्या कपाटात साठ मिनिटांची एक कॅसेट होती. लेबलवर निळ्या शाईत 'हळद दळण १९८८' एवढंच लिहिलेलं. मामाने आखातातून आणलेल्या एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर ती लग्नघराच्या पडवीत भरली होती. जात्यावर आजी आणि तिच्या दोन जावा, त्यांच्या ओव्या, आणि ओव्यांच्या पोटात जात्याची घरघर. ती संगणकावर उतरवून द्यायचं मी कबूल केलं. पहिल्याच ओवीला लक्षात आलं, की आजीच्या तोंडचा 'स' गेलाय. 'सासू' म्हणताना ती 'हाहू' म्हणतेय की काय असं वाटत होतं. आजीला तेव्हा सगळे दात होते, हे मावशीने लगेच बजावलं.

आवाज असा बोदा झाला की फीत म्हातारी झाली असं आपण धरून चालतो. या कॅसेटमध्ये मात्र फीत ठणठणीत होती. घोळ एका स्क्रूचा होता.

कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर सरकते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही कॅसेट आणली ती खिशात मावावी म्हणून. लू ऑटन्स हा अभियंता कोटाच्या खिशात बसेल एवढा लाकडी ठोकळा घेऊन हिंडत असे आणि कॅसेटचं यंत्र त्याच मापात बसवायचं असा त्याचा हट्ट होता. खिशात मावण्याची किंमत म्हणजे हा मंद वेग. सेकंदभराचा आवाज पाच सेंटिमीटरांहून कमी जागेत कोंबायचा. त्या जागेत 'स' किती बारीक लिहिला जात असेल बघा. आपला 'आ' किंवा 'ओ' काहीशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या लहरींच्या, घरात असतो, पण 'स'ची सगळी धार चार-पाच हजार हर्ट्झच्या वर असते. आठ हजार हर्ट्झची एक लहर फितीवर उमटते तेव्हा तिची लांबी भरते जेमतेम सहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सहा हजारांश. आपला केस याच्या दसपट जाड असतो.

आता हेड, म्हणजे फितीला टेकून आवाज लिहिणारा आणि वाचणारा यंत्राचा भाग. ज्या फटीतून हेड फितीवरचं चुंबकत्व वाचतं, ती फट फितीच्या धावेला बरोबर काटकोनात असायला हवी. एका स्पीकरच्या रेकॉर्डरमध्ये आवाजाचा पट्टा सुमारे दीड मिलिमीटर रुंद असतो. हेड अंशाच्या फक्त पाचव्या भागाने कललं, तर फटीचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा पाच मायक्रॉन पुढे जातं. म्हणजे एकाच वेळी फटीच्या वरच्या टोकाशी लहरीचा एक भाग असतो आणि खालच्या टोकाशी जवळजवळ पुढची लहर. शिखर आणि दरी एकमेकांना खाऊन टाकतात आणि हेडच्या हाती शिल्लक राहते ती किरकोळ बाकी. 'आ'ची लहर याच्या कितीतरी पट लांब असल्याने तिला या कलण्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आजीचे स्वर खणखणीत आणि 'स' गायब.

मामाच्या रेकॉर्डरचं हेड कललेलं होतं. त्याच यंत्रावर कॅसेट वाजवली असती तर लिहिणारा आणि वाचणारा दोघेही सारखेच तिरके, काही बिघडलं नसतं. पण ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं. माझा डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, सरळ होता, आणि तीच अडचण झाली. तिरक्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी वाचायला मान तिरकी करावी लागते, तसं डेकचं हेड मुद्दाम वाकडं करायचं. हेडच्या बाजूला, खाली स्प्रिंग असलेला एक बारका स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो हलक्या हाताने थोडाथोडा फिरवायचा आणि कान द्यायचा. पाव फेऱ्याच्याही आत एके ठिकाणी खोलीची खिडकी उघडावी तसा आवाज उजळतो. पुढे गेलात की परत बोदा. आजीचा 'स' अशा एका जागी लख्ख परत आला. जात्यात दाणे टाकतानाची खसखसही आली. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली ती तेव्हाच.

हे आधी सांगायचं कारण असं, की बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. वायर जोडतात, कशीबशी कॅसेट उतरवतात आणि मग सॉफ्टवेअरमध्ये तासन् तास 'ट्रेबल', म्हणजे वरच्या वारंवारतांचा आवाज, वाढवत बसतात. हेडने जे उचललंच नाही ते वाढवायला गेलं की फक्त फितीची सूं वाढते. स्क्रू फिरवण्याआधी आणखी दोन घरगुती कामं करायची. हेड आणि रबरी रोलर कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचे. आणि कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे, एकदा शेवटपर्यंत मागे गुंडाळायची, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेले फितीचे थर सुटतात. कोकणात कॅसेटवर पांढरी बुरशी धरलेली दिसली तर ती मशीनमध्ये घालू नये, बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटवर जाते. सरळ यूएसबीला जोडायचे वॉकमनसारखे स्वस्त प्लेअर हल्ली ऑनलाइन मिळतात. माझं मत विचाराल तर ते घेऊ नका. त्यांचा वेग लहरी असतो, आणि मंदावता-धावता स्वर नंतर सरळ करणं महाकठीण. ओळखीत कुणाकडे जुना धडधाकट डेक असेल तर चार दिवस मागून आणा.

जोडणीत एकच खोच आहे. लॅपटॉपला हल्ली बहुधा एकच भोक असतं आणि त्यातून आत येणारी वाट माइकसाठीच असते. माइकमधून काही मिलिव्होल्ट येतील अशी त्याची अपेक्षा, आणि डेकच्या मागून येतो त्याच्या कितीतरी पट जोरकस सिग्नल. कळशीखाली फुलपात्र धरल्यासारखं होतं. 'लाइन इन', म्हणजे असा जोरकस सिग्नल घेणारं भोक, असलेलं एक छोटं यूएसबी साउंड कार्ड घेतलं की प्रश्न मिटतो. उतरवताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, पुष्कळदा गुणगुण तिथूनच येते.

आवाज आकड्यांत कसा उतरतो? संगणक ठराविक अंतराने लहरीची उंची मोजतो आणि टिपून ठेवतो. सीडीत हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होतं. जितक्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचा आवाज टिपता येतो, असा गणिती नियम आहे. माणसाचा कान फार तर वीस हजार हर्ट्झ ऐकतो, तेव्हा चाळीस हजारांच्या थोडं वर पुरे. पण ४४,१०० हाच विचित्र आकडा का? सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत, आणि चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन मोजमापं मावत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी, सेकंदाला ५० वेळा. दोन्ही गुणाकार करून बघा, उत्तर एकच येतं. टीव्हीच्या ओळींचा हिशेब असा आजही आपल्या गाण्यांच्या फायलींत जिवंत आहे.

प्रत्येक मोजमाप किती बारीक असावं हा दुसरा प्रश्न. १६ बिट म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या, २४ बिट म्हणजे दीड कोटीहून जास्त. साध्या कॅसेटमध्ये फितीची सूं आणि सगळ्यात मोठा आवाज यांच्यातलं अंतर पन्नासेक डेसिबल, त्याला नऊ बिटही पुरले असते. मग मी २४ का निवडले? कारण ओवी संपता संपता बायका एकदम हसतात, कुणी ताट आपटतं. काटा वरच्या टोकाला थडकला की लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि तो परत मिळत नाही. २४ बिटांत आवाज निम्म्याहून खाली ठेवून निवांत बसता येतं, वर भरपूर मोकळी जागा राहते.

आजीचा आणखी एक आवाज आमच्याकडे आहे, २००७ सालचा, मामेभावाच्या मोबाइलवरचा. एएमआर नावाच्या प्रकारची फाइल. मिनिटाला जेमतेम नव्वद केबी. त्या फोनने सेकंदाला आठच हजार वेळा मोजलं, म्हणजे चार हजार हर्ट्झच्या वरचं काहीच टिपलं नाही. त्यातही 'स' नाही, पण इथे फिरवायला स्क्रू नाही. एकोणीस वर्षं आधीची, गंजाच्या भुकटीवर लिहिलेली फीत या बाबतीत नव्या फोनपेक्षा श्रीमंत निघाली.

सगळं उतरवून झालं आणि मावशी म्हणाली, "आई इतक्या बारीक आवाजात कधीच गात नव्हती."

संगणकाने हे खरं ठरवलं, तेही गमतीशीर वाटेने. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आवाजाचं स्पेक्ट्रोग्राम दाखवतं, म्हणजे वेळ आडवी, वारंवारता उभी, आणि जिथे आवाज जास्त तिथे रंग उजळ. त्यात तळाशी दोन बारीक आडव्या रेघा दिसल्या, एक १०० हर्ट्झवर आणि एक १०६ वर. विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या पोटातली गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि यंत्रातल्या वीजपुरवठ्यात तिची दुप्पट होऊन १०० हर्ट्झची लहर उरते. कॅसेट थांबवली तरी १०० ची रेघ राहिली, म्हणजे ती माझ्या डेकची. १०६ ची मात्र नाहीशी झाली. ती फितीवरची, १९८८ सालची. पडवीतही ती १०० च असणार. मग आज १०६ का? कारण मामाचा रेकॉर्डर सहा टक्के हळू चालत होता. हळू भरलेलं योग्य वेगाने वाजवलं की सगळंच वर चढतं. सहा टक्के म्हणजे पेटीवर पांढरी एकच्या जागी काळी एक. मावशीच्या कानाने एवढा फरक छत्तीस वर्षांनी धरला.

इथे एक पाचर आहे. त्या काळी आपल्या ग्रिडची वारंवारताच पन्नासवर ठरत नसे, संध्याकाळी भार वाढला की ती घसरायची. पडवीत त्या वेळी वीज ४९ हर्ट्झची असेल तर वेगाची चूक सहा नव्हे, आठ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून मी सहा, सात आणि आठ टक्क्यांनी उतरवलेले तीन तुकडे केले आणि मावशीला न सांगता एकामागून एक ऐकवले. तिने सहावाला निवडला. सॉफ्टवेअरमध्ये हे करताना नुसती पट्टी बदलणारा पर्याय घ्यायचा नाही आणि नुसती लय बदलणाराही नाही. वेग बदलला की दोन्ही एकत्र सरकतात, तोच पर्याय हवा.

खरी फजिती झाली ती सूं काढताना. सॉफ्टवेअरला आधी 'नुसता गोंगाट' असलेला एक तुकडा दाखवायचा असतो. ते त्याच्या वारंवारतांच्या शेकडो कप्प्यांत गोंगाटाची पातळी मोजून ठेवतं. मग अख्ख्या ध्वनिमुद्रणात ज्या कप्प्यात आवाज त्या पातळीखाली जाईल तो कप्पा दाबतं. मी दोन ओव्यांमधली जागा दाखवली. तिथे कुणी गात नव्हतं, पण जातं फिरत होतं. सॉफ्टवेअरच्या लेखी जातं हाच गोंगाट. परिणाम ऐकला तर आजी गातेय, पण पोकळीत, मागे जातं नाही, आणि शब्दांच्या कडांना पाण्याखालच्यासारखे किणकिणते बुडबुडे. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याने बांधलेली असते. फेरा काढला तर आजी मध्येच का थांबते, एखादं अक्षर का लांबवते, काहीच कळेना. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ आज 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकायला मिळतात. त्या ऐकल्या की नुसते शब्द उतरवून किती थोडं हाती लागतं ते कळतं.

दुसऱ्या खेपेला तुकडा घेतला अगदी सुरुवातीचा. बटण दाबल्यापासून जातं फिरू लागेपर्यंत तीन सेकंद होते. तेवढ्यात फक्त फीत आणि यंत्र. दाबलंही फक्त सहा डेसिबल. सूं अजून ऐकू येते, येऊ दे. ही साफसूफ केलेली प्रत वेगळी ठेवली. कच्चं ध्वनिमुद्रण, चुकलेल्या वेगासकट, दोन वेगळ्या डिस्कवर आहे. शेजारी एका मजकुराच्या फाइलीत कुठला डेक, किती टक्के आणि का हे लिहिलंय. उद्या याहून शहाणं सॉफ्टवेअर आलं तर त्याला कच्चा माल लागेल. नातेवाइकांना एमपी३ पाठवली, ती साठेक एमबीची झाली.

साठ मिनिटं म्हटलं, पण ओव्या तेवढ्या नाहीत. दुसऱ्या बाजूला बाराव्या मिनिटाला आजीची ओळ अर्ध्यात तुटते आणि रेडिओवरची क्रिकेटची कॉमेंट्री सुरू होते, थेट फीत संपेपर्यंत. रेकॉर्डचं बटण दाबलं की फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते. स्वस्त यंत्रात तिथे साधा कायमचा चुंबक असतो, आणि त्याच्याखालून गेलेल्या कणांची जुनी रांग मोडते. त्या अठरा मिनिटांसाठी ना स्क्रू आहे ना सॉफ्टवेअर. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकचे दोन बारके चौकोन असतात, ते तोडले की मशीन रेकॉर्डचं बटण दाबूच देत नाही. डेकमध्ये कॅसेट घालण्याआधी मी ते पाहिले. दोन्ही शाबूत होते.